पावसाचं जहाज

"ह्यातला पाऊस कुठला?" नानांनी विचारलं.

"लिहिलंय की त्याच्यावरच," मी म्हणाले. "प्रत्येक बटणावर लिहिलंय, नाना."

सगळे हसले. शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम चालू होती आणि नट, नट्या, पडदा ओढणारा, चहावाला असे सगळेच त्या टेबलाभोवती गोळा झाले होते. टेबलावर स्पीकरला जोडलेला माझा कीबोर्ड होता; बटण दाबलं की त्यात साठवलेला आवाज वाजायचा. साधा नव्हे. त्याच्या प्रत्येक बटणात नखाएवढा पडदा होता, आणि त्या पडद्यावर आपल्याला हवं ते उमटवता यायचं. मी 'पाऊस मंद', 'पाऊस जोरात', 'एसटी आली', 'एसटी गेली', 'फोन', 'कुत्रं' असं सगळं नीट भरून आणलं होतं. पुढच्या प्रवेशाचं बटण दाबलं की सगळी अक्षरं क्षणात बदलायची. पहिल्या प्रवेशात जिथं पाऊस होता, तिथं तिसऱ्या प्रवेशात फोन यायचा. ते बघून शेटेबाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

नाना वाकून बराच वेळ बघत राहिले. हात पाठीमागं बांधलेले.

"लई झ्याक हाय," ते म्हणाले. मग कोपऱ्यातली आपली पिशवी उचलून ते नाटक बसवणाऱ्या माझ्या मामाकडे वळले. "मास्तर, मग उद्यापासनं मी येत न्हाई. पोरगी हुशार हाय. ती करंल."

आणि ते निघून गेले. स्पर्धा बारा दिवसांवर होती.

ही गोष्ट दोन हजार अकराची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याची माझी कंपनी बंद पडली म्हणून विट्याला घरी परत आले होते. कंपनीत नमुना म्हणून आलेला हा कीबोर्ड तेवढा माझ्याबरोबर आला. विट्यात माझा दिनकरमामा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि उरलेल्या वेळात नाटकं बसवायचा. त्या वर्षी त्यानं स्वतःच लिहिलेलं नाटक सांगलीच्या स्पर्धेत उतरवायचं ठरवलं होतं. अख्खं नाटक एका एसटी स्टँडवर घडणारं, त्रेचाळीस आवाज.

आणि आवाज म्हटलं की सदाशिव कुंभार. गावाचे नाना. लग्न, जत्रा, सभा, कुठंही कर्णे लावायचे ते त्यांनीच. मामाच्या नाटकांना एकतीस वर्षं आवाज तेच देत आले होते, आपल्या जुन्या टेपवर, शेकडो कॅसेटी घेऊन. त्या दिवाळीत तो टेप बंद पडला आणि दुरुस्त करणारा कुणी मिळेना. म्हणून मी मोठ्या हौसेनं पुढं झाले होते. नानांचं काम सोपं करावं, एवढाच माझा विचार. आणि खरं सांगायचं तर थोडी मिरवायचीही इच्छा होती.

"म्हातारा हट्टी आहे," मामा म्हणाला. "नवीन काही नको असतं त्याला. तू बस, वृंदा."

मी बसले. दोन दिवसांतच सगळ्यांना कळून चुकलं की मला ते जमत नाही. बटणं बरोबर दाबत होते, पण सगळं चुकत होतं. नाटकात शेटेबाई गावाला निघालेल्या आईचं काम करायच्या. एक क्षण असा होता की त्या आभाळाकडे बघतात आणि पाऊस येतो.

"बाळ, तुझा पाऊस आधीच येतो," त्या मला म्हणाल्या. त्या हायस्कूलात मराठी शिकवायच्या, त्यामुळं रागावल्या तरी शांत रागवायच्या. "मी वर बघते, मला कळतं, आणि मग तो यायला हवा. नानांचा पाऊस माझं कळून होईपर्यंत थांबायचा."

"म्हणजे किती सेकंद?"

"ते मला काय माहीत? नानांना विचार."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या घरी गेले. बसस्थानकामागं त्यांचं दुकान आणि दुकानामागंच घर. दुकानात कर्णे उलटे टांगलेले, वायरींची भेंडोळी, आणि भिंतीला लागून पत्र्याच्या दोन ट्रंका. सुभद्राकाकींनी मला ट्रंकेवरच बसवलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

"नाना, नुसती यादी तरी बघून द्या," मी म्हणाले. "कुठला आवाज कधी, तेवढं सांगा. मी लिहून घेते."

मी पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. नानांनी तो उजेडाकडे धरला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सावकाश बघितला. मध्ये एका ठिकाणी थांबून मान हलवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पर दुसऱ्या अंकात लई गर्दी झालीया. तिथलं दोन कमी कर."

तेवढ्यात कागद उन्हात पारदर्शक झाला आणि मला मागून अक्षरं दिसली. ती आवाजांची यादी नव्हती. आईनं मसाल्याचं सामान आणायला दिलेला कागद होता तो. धने, सुकं खोबरं, दगडफूल, नाकेश्वर.

मी तोंड उघडलं. 'अहो नाना, चुकून' एवढं ओठांवर आलंही होतं.

काकी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या, नानांच्या बरोबर पाठीमागं. त्यांनी तो कागद वाचला. डोळे ओळींवरून फिरताना मला स्पष्ट दिसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. एखादं झोपलेलं पोर उठू नये म्हणून आपण जसं बघतो, तसं काहीतरी होतं.

मी तोंड मिटलं.

"अहो, चहा सांडंल त्याच्यावर," काकी म्हणाल्या. "द्या हिकडं." त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि माझ्या पिशवीत ठेवून दिला.

चहा पिताना नजर चोरायची म्हणून मी बसले होते तीच ट्रंक उघडून बघू का विचारलं. आत कॅसेटी होत्या. एकाही कॅसेटीवर अक्षर नव्हतं. प्रत्येकीवर काडेपेटीचं चित्र चिकटवलेलं: घोडा, जहाज, वाघ, किल्ली, मोर, कमळ. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की नानांना काडेपेटीची चित्रं जमवायचा नाद आहे. मीही लहानपणापासून तेच ऐकत आले होते.

मी जहाजाची कॅसेट उचलली. "ही कशाची?"

"पाऊस," नाना लगेच म्हणाले.

"आणि घोडा?"

"गाडी येणं. आधी टांगा असायचा नाटकात, मग मोटार आली, आता एसटी. घोडा त्योच."

"नाना, ही चित्रं मला द्याल का? फोटो काढून घेते. बटणांवर टाकते."

"कशापायी? तू तर लिवलंयस सगळं."

"लिहिलंय, पण माझाच घोळ होतो," मी म्हणाले. "अक्षरं बारीक आहेत. घाईत मला 'आली' आणि 'गेली' सारखीच दिसतात. चित्र असलं की चुकणार नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. काकी कपबशी घेऊन जागच्या जागी थांबल्या.

"तुझा घोळ हुतो?"

"हो."

"मग हरकत न्हाई," ते म्हणाले, आणि दुसरी ट्रंक ओढायला उठले.

पुढचे चार दिवस मी त्यांच्या दुकानात होते. एकेक चित्र फोटो काढून बटणावर टाकायचं, आणि नाना सांगतील तसं. एसटी येते तेव्हा घोडा. जाते तेव्हा काय, यावर आम्ही अडलो. मी तोच घोडा घरच्या कॉम्प्युटरवर उलट्या तोंडाचा करून आणून दाखवला, तर नाना इतके खूश झाले की त्यांनी काकींना हाक मारून बोलावलं. कुत्र्याला मोर का, म्हणून मी विचारलं. "मोराचा आवाज आजवर कुणी मागितलाच न्हाई. चित्र रिकामं पडलं हुतं." गडगडाटाला वाघ, फोनला किल्ली.

पहिल्यांदा प्रवेश बदलून सगळी चित्रं एकदम पालटली तेव्हा नानांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग पुन्हा दाबलं. पुन्हा मागचा प्रवेश. पुन्हा पुढचा. लहान पोरासारखे ते दहा वेळा दाबत बसले.

"अगं, बघ तर! समदी पेटी बदलती!"

"बघितलं," काकी म्हणाल्या. "आता ते मोडू नका म्हंजे झालं."

नाना तालमीला परत आले. मामाचा जीव भांड्यात पडला, पण कीबोर्ड बघून तो चक्रावला.

"पावसाला जहाज? कुत्र्याला मोर? ही काय भानगड आहे, वृंदा?"

"मला असं सोपं पडतं, मामा."

"पुण्याची इंजिनिअर, आणि अक्षरं वाचता येत नाहीत!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. नाना तेव्हा खाली वाकून वायर बसवत होते. ती आधीच बसलेली होती.

सांगलीला आमचा प्रयोग दुपारी तीनला होता. सकाळी सामान लावलं. नानांनी सगळे आवाज एकदा वाजवून बघितले. पावणेतीनला प्रकाशयोजनेचा माणूस दिवे सारत असताना त्याच्या पायात वायर अडकली आणि आमच्या टेबलाची वीज गेली. मिनिटभरात आली. कीबोर्ड पुन्हा उजळला.

बटणांवर घोडे नव्हते, जहाज नव्हतं. अक्षरं होती. मी पहिल्या दिवशी भरलेली. कीबोर्ड रीतसर बंद केला की चित्रं राहायची; पण वीज अचानक गेली तरी ती टिकावीत म्हणून आणखी एक पायरी असते, ती मी केलीच नव्हती, आणि चित्रांचे फोटो विट्याच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होते.

"चित्रं कुठं गेली?" नानांनी हळूच विचारलं.

"गेली, नाना. माझी चूक झाली."

बटणांवर ठेवलेला हात त्यांनी मांडीवर घेतला. पहिली घंटा झाली. मामा घाईघाईनं आला, हातात नाटकाची वही. शेवटच्या क्षणी केलेले बदल नानांना द्यायला आणली होती त्यानं.

"काय झालं? वीज आली ना? अरे, अक्षरं आली की! बरं झालं, ते घोडे-बिडे गेले. बसा, नाना. हे घ्या, दोन ठिकाणी बदल केलेत, वाचून घ्या."

"मामा, मी बसते. नानांना बरं वाटत नाहीये. सकाळपासून त्यांना…"

"पोरी, थांब," नाना म्हणाले.

ते उभे राहिले. धोतराचा सोगा नीट केला.

"मला बरं वाटतंय. मास्तर, मला वाचता येत न्हाई."

"चष्मा विसरलात?"

"चष्मा हाय खिशात. वाचता येत न्हाई. कधीच येत नव्हतं. ही चित्रं ह्या पोरीला न्हाई, मला लागत हुती. तिनं माझं झाकलं."

विंगेत शेटेबाई उभ्या होत्या, पडदेवाला होता, स्टँडमास्तरचं काम करणारा बँकेतला रणदिवे होता. मामाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एकतीस वर्षं तो दरवेळी पहिली वही याच माणसाच्या हातात देत आला होता. त्यानं नानांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातातल्या वहीकडे बघितलं. वही त्यानं बंद केली आणि काखेत मारली.

"दोन ठिकाणी बदल आहेत," तो म्हणाला. "ऐका, सांगतो."

आणि तिथंच उभ्या उभ्या त्यानं दोन्ही बदल तोंडी सांगितले, नट करतात तसे, आवाज काढून. नानांनी डोळे मिटून ऐकलं. "बरं," ते म्हणाले. "ही पोरगी बटणं दाबंल. कवा दाबायचं ते मी सांगतो."

दुसरी घंटा झाली. रणदिवेनं स्वतःची खुर्ची आणून माझ्याजवळ ठेवली.

नाना माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी आपला हात माझ्या मनगटावर ठेवला. पडदा उघडला. मी अक्षरं वाचून बोट बटणावर आणून ठेवायचे. नानांनी मनगट दाबलं की बोट दाबायचं. ते बटणांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर रंगमंचावर होती आणि ओठ नटांबरोबर हलत होते, सगळ्यांचे संवाद, शब्दन् शब्द.

शेटेबाईंनी वर बघितलं. माझं बोट 'पाऊस मंद'वर तयार होतं. मनगटावर दाब येईना. बाईंची मान वरच होती. आता उशीर झाला असं मला वाटलं. आणि मग बाईंचे खांदे किंचित खाली आले. मनगटावर दाब पडला. पाऊस आला. प्रेक्षकांत पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोक्यावर घेतलेला मी विंगेतून पाहिला.

शेवटी एसटी जाते आणि लगेच कुत्रं भुंकतं, असं संहितेत होतं. एसटी गेली. 'कुत्रं'वर बोट ठेवून मी थांबले. नानांचा हात तसाच. शांतता. मामा पलीकडच्या विंगेतून हातवारे करायला लागला. नाना हलले नाहीत. अख्खं नाट्यगृह त्या रिकाम्या स्टँडकडे बघत होतं. केवढा वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी माझा हात बटणावरून अलगद उचलला आणि टेबलावर ठेवला. कुत्रं भुंकलंच नाही. पडदा पडला.

आमचा दुसरा नंबर आला. आवाजासाठी वेगळं बक्षीस नव्हतं, पण परीक्षकांनी शेवटच्या शांततेबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. मामानं त्या नानांना स्वतः वाचून दाखवल्या, दोनदा.

टेम्पोतून परतताना मी नानांशेजारी सामानावर बसले होते. तासगाव मागं पडल्यावर मी विचारलं, "एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

"पहिल्याच दिशी मास्तरनं वही दिली," ते म्हणाले. "सगळी शिकलेली माणसं बसल्याली. घेतली हातात. एकदा घेतल्यावर परत कशी द्यायची?"

"आणि नाटक पाठ कसं व्हायचं?"

"आमची ही वाचती की. चौथी शिकलीया. जेवणं झाली की दारं लावून तीनदा वाचती. पहिल्यांदा गोष्ट कळती. दुसऱ्यांदा आवाज ऐकू येत्यात. तिसऱ्यांदा मी झोपतो, ती तशीच वाचत बसती."

आठवड्यानं नाना आमच्या दारात आले. म्हणाले, चित्रं पुन्हा टाक, पण प्रत्येक चित्राखाली एक अक्षर लिही. मी मुळाक्षरांच्या क्रमानं भरायला घेतलं तर त्यांनी अडवलं. आधी 'सु' पाहिजे होतं त्यांना, मग 'भ'.

"स्वतःच्या नावाचं घ्या की आधी," मी त्यांच्या घरी हे दाखवत होते तेव्हा काकी आतून म्हणाल्या.

"माझं मला ठावं हाय," नाना म्हणाले.

उन्हाळ्यापर्यंत रोज तासभर आमची शाळा चालली. ओळखीचं झालं की चित्र काढून टाकायचं आणि अक्षर तेवढं ठेवायचं, असा नेम होता. जोडाक्षरांवर ते संतापायचे. जूनमध्ये मला नाशिकला नोकरी लागली. कीबोर्ड मी त्यांच्याकडेच ठेवला.

मध्ये बरीच वर्षं गेली. परवा आईला भेटायला विट्याला गेले तेव्हा नानांकडे डोकावले. दुकान आता पुतण्या बघतो. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते, डोळे मिटून, आणि काकी त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या. मला बघून त्यांनी पेपर खाटेवर ठेवला आणि चहाला आत गेल्या. मी मागोमाग गेले.

"काकी, नानांचं वाचणं सुटलं का?"

"सुटतंय कुठलं!" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी मी आंघोळीला गेले की सगळा पेपर वाचून काढत्यात. कोडंसुद्धा सोडीवत्यात. मी आले की कोरं तोंड करून बसत्यात. 'काय आलंय गं आज?'"

"आणि तुम्ही काही बोलत नाही?"

काकींनी पातेलं उतरवलं. "काय बोलू? चाळीस वर्सं हा माणूस संध्याकाळी माझ्यापाशी बसून ऐकत आलाय. वाचायला आलं म्हणून उठून जातो का काय, ह्याच भ्यावात मी हुते."

चहा झाल्यावर त्या पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या. नानांनी डोळे मिटले होते, पण पेपर त्यांनी उचलून ठेवला होता. काकी जिथं थांबल्या होत्या बरोबर त्याच बातमीवर घडी घालून. काकींनी घडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागल्या.